इबोगा, आयावास्का घेऊन घरी आल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मराठी घरांतून मला जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत आया आहेत, बायका आहेत, थोरले भाऊ आहेत आणि व्यसन सुटावं म्हणून परदेशात स्वतः ही औषधं घेतलेली पोरंही आहेत. मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो, डॉक्टर नाही. गोळ्या-औषधांबद्दल खाली जे आहे ते वाचून स्वतः काही बदलू नका, डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा विचारायला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं आहे.

ही औषधं म्हणजे नेमकं काय? मुलगा म्हणतो, झाडपाल्याचंच आहे, त्याला काय होतंय.

झाडाचं आहे हे खरं. पण झाडपाला म्हटलं की आपल्याला अडुळसा आणि गुळवेल आठवते, आणि तिथेच फसगत होते. धोतराही झाडच आहे.

इबोगा हे मध्य आफ्रिकेतलं, विशेषतः गॅबॉनमधलं झुडूप. तिथले ब्विती पंथाचे लोक त्याच्या मुळाची साल धार्मिक विधीत खातात. त्या सालीतलं मुख्य द्रव्य म्हणजे इबोगेन. १९६२ साली हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकेतल्या १९ वर्षांच्या, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या मुलाने ते कुतूहलापोटी घेतलं. अंमल उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हेरॉइन नसूनही अंग मोडून येत नाहीये, हुडहुडी नाही, तलफ नाही. पुढचं सगळं आयुष्य त्याने या द्रव्याचा पाठपुरावा करण्यात घालवलं. आयावास्का हा ॲमेझॉन खोऱ्यातला काढा, एक वेल आणि दुसऱ्या झुडपाची पानं एकत्र उकळून केलेला. पेरूमध्ये तारापोतो गावात ताकिवासी नावाचं केंद्र १९९२ पासून हा काढा, पथ्य आणि मानसोपचार यांची सांगड घालून व्यसनावर उपचार करतं. तिथे माणूस कित्येक महिने राहतो. ही राहण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिसरं नाव ऐकू येतं ते सिलोसायबिनचं. ते काही जातींच्या मशरूममध्ये असतं.

तुम्ही हे औषध देता का? निदान कुठे मिळेल ते तरी सांगा.

देत नाही, आणि पत्ताही देत नाही. आयावास्कातलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य आणि मशरूममधलं सिलोसायबिन ही दोन्ही १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. इबोगेनला भारतात औषध म्हणून मान्यता नाही. जे कोणी सीमेपलीकडच्या एखाद्या शेतघरात 'सेरेमनी' घेतो म्हणतात, त्यांच्याकडे हृदयाचा आलेख काढायचं यंत्रही नसतं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण परदेशात नोकरीला असताना तिकडच्या तिकडे घेऊन आलेले असतात. ते घेऊन झालेलं असतं, त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. पुढे काय, तेवढंच आपण बघतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय बघायचं?

हृदय आणि झोप.

इबोगेन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. १९९० ते २००८ या काळात ते घेतल्यानंतर दगावलेल्या १९ जणांची नोंद वैद्यकीय लिखाणात आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीचं हृदयाचं दुखणं होतं किंवा सोबत दुसरी नशा घेतलेली होती. शरीरात गेल्यावर इबोगेनचं नॉरइबोगेन होतं आणि ते कित्येक दिवस रक्तात टिकतं. म्हणून विमानातून उतरला म्हणजे धोका टळला असं धरू नका. चक्कर येऊन पडला, छातीत फडफडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा दवाखान्यात न्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास घडते, म्हणून जरा खोलात सांगतो. पोरगं दमून आलेलं असतं, पोट बिघडलेलं असतं. आई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणते. पित्ताच्या काही कॅप्सुलांमध्ये डोमपेरिडोन असतं, उलटीच्या गोळीत ओन्डान्सेट्रॉन, आणि घसा धरला म्हणून दिलेलं अँटिबायोटिक ॲझिथ्रोमायसिन निघतं. ही तिन्ही हृदयाच्या लयीवर त्याच दिशेने दाब टाकतात. त्यात जुलाबांनी पोटॅशियम उतरलेलं असलं की धोका आणखी वाढतो. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे साधी सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना 'याने इबोगेन घेतलंय' असं सांगूनच घ्या. डॉक्टरांनी नाव ऐकलेलं नसेल तर मोबाईलवर शोधून दाखवा, त्यात कुणाचाच अपमान नाही.

आयावास्का घेतलेल्यांची काळजी वेगळी. तो काढा आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या एकमेकांशी घातक रीतीने भिडतात. त्यामुळे उपचाराआधी गोळ्या बंद केलेल्या असतात. त्या कधी सुरू करायच्या, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. 'आता बरं वाटतंय, कशाला परत' म्हणून तो विषय सोडून देऊ नका.

झोपेचं म्हणाल, तर पहिले काही दिवस ती तुटक असते. बडबड करू नका, पाहुणे बोलावू नका, आजोबांच्या खोलीत शांत पडू द्या.

तो बदलूनच आलाय. सकाळी उठून गोठा झाडतो, बापाच्या पाया पडला. बरा झाला म्हणायचा ना?

काकू, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि दर वेळी उत्तर देताना माझा जीव वरखाली होतो, कारण त्या आनंदावर पाणी ओतायची इच्छा नसते. तो जे करतोय ते खोटं नाही. तलफ खरंच उतरलेली असते, मन मऊ झालेलं असतं, मागची चूक स्वच्छ दिसत असते. काही आठवडे हे टिकतं. पण हे आठवडे पेरणीचे असतात. वाफसा आहे तोवर बी पडलं तर उगवतं. पाऊस झाला म्हणून पीक हाती आलं असं कुणी शेतकरी धरत नाही.

अमेरिकेत दारूच्या व्यसनावर सिलोसायबिनची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले. औषध फक्त दोनदा दिलं, पण सोबत १२ आठवडे समुपदेशन होतं. पहिल्या डोसनंतरच्या ३२ आठवड्यांत औषध मिळालेल्यांचे भरपूर पिण्याचे दिवस सरासरी शेकडा ९.७ राहिले, दुसरी साधी गोळी मिळालेल्यांचे २३.६. बातम्यांत हा फरकच छापला जातो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. साधी गोळी मिळालेली माणसंही आधीपेक्षा पुष्कळ सुधारली, कारण बोलणं, ऐकणं, पाठपुरावा दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता. आपलं पोरगं परदेशातल्या केंद्रात आठ-दहा दिवस राहून येतं, आणि ते १२ आठवडे कुणीच देत नाही. ते आपल्याला इथे द्यायचे असतात.

खानापूर तालुक्यातला एक जण जहाजावर नोकरीला होता. दुखण्याच्या गोळ्यांच्या आहारी गेला, मेक्सिकोत इबोगेन घेऊन आला. दीड महिना घरच्यांनी त्याला काहीच करू दिलं नाही, जपून ठेवलं. सातव्या आठवड्यात तो परत गोळ्या शोधू लागला. नंतर म्हणाला, त्या रात्री आपलं सगळं आयुष्य दिसलं, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करायचं, ते दिसलं नाही. आता तो डेअरीत दूध संकलनाचं काम बघतो. पहाटे साडेचारला उठावं लागतं, म्हणून रात्री नऊला झोपतो. त्याला त्या वेळापत्रकाने धरून ठेवलंय असं मला वाटतं.

मग किती दिवस आधार लागतो?

निदान एक वर्ष धरा. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा समुपदेशक किंवा व्यसन सोडणाऱ्यांची मिटिंग, आणि रोज घरातल्या एकाशी पंधरा मिनिटं बोलणं. नंतर अंतर वाढवता येतं. गणपती, दिवाळी, शिमगा, गावची यात्रा, ऊसबिलाचे पैसे जमा व्हायचा आठवडा, हे दिवस आधीच कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवा.

त्याला त्या रात्री वारलेले आजोबा दिसले म्हणे. आई म्हणते देवर्षीकडे नेऊ. न्यायचं का?

घाई करू नका. या औषधांत माणसाला मेलेली माणसं, देव, साप, लहानपणचं घर असं बरंच दिसतं, आणि ते स्वप्नापेक्षा ठसठशीत असतं. आपल्याकडे अंगात येणं, कौल लावणं, सौंदत्तीचा भंडारा हे सगळं घरातलंच असल्याने त्या दिसण्याला लगेच अर्थ चिकटवला जातो. आजोबा दिसले म्हणजे त्यांचं काही राहिलंय, मग विधी, मग दहा हजारांचा खर्च. पोरगं बाजूलाच राहतं.

त्याला विचारा, आजोबा काय करत होते? तुला कसं वाटलं? आणि गप्प बसा. तुम्ही अर्थ लावू नका, त्यालाही लावायला भाग पाडू नका. वही आणून द्या, मराठीत लिहू द्या. इंग्रजी माध्यमात शिकलेली पोरंसुद्धा रडण्याच्या गोष्टी मराठीतच सांगतात, हा माझा अनुभव. एका मुलाला फक्त आजोबांचं पोत्यावर बसून तंबाखू चोळणं दिसलं होतं. तीन महिन्यांनी बोलता बोलता निघालं, की आजोबांच्या शेवटच्या आजारपणात तो नशेत पडून होता आणि खांदा द्यायलाही आला नव्हता. मग त्याने घरच्या सगळ्यांसमोर ते बोलून दाखवलं, आणि आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाढप स्वतः केलं. हे करायला देवर्षी लागला नाही.

मात्र दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, 'मला देवाने निवडलंय' म्हणून पैसे वाटत सुटलाय, कानात आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, किंवा जीव द्यायची भाषा करतोय, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. घरात कुणाला पूर्वी असा आजार झाला असेल तर तेही सांगा.

आणि पहिल्या तीन महिन्यांत नोकरी सोडणं, जमीन विकणं, लग्न ठरवणं, मोडणं, यांतलं काही करू देऊ नका.

माळ घातली तर चालेल का?

चालेल, आणि मला मनापासून आवडेल. माळकरी म्हटलं की आपल्या गावात कुणी ग्लास पुढे करत नाही. शंभर वेळा 'नको' म्हणायचे कष्ट गळ्यातली तुळस वाचवते. शिवाय भजनी मंडळाची बैठक म्हणजे रात्रीची, तलफेची नेमकी ती वेळ भरून निघते.

फक्त घरच्यांनी ती जबरदस्तीने घालू नये. आणि माळ घातल्यावर घसरला, तर शरमेपोटी माणूस मंडळातही जात नाही, समुपदेशकाकडेही येत नाही. म्हणून मंडळातल्या एखाद्या जाणत्या बुवांना आधीच विश्वासात घ्या. असा प्रसंग आला तर त्यांनी घरी येऊन बसावं, एवढंच मागा.

दारूसाठीही इबोगा चालतो का? आमचा भाऊ रोज पितो.

इथे थांबा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. इबोगेन हे थांबवत नाही. त्यासाठी दवाखान्यात दाखल करून ठरावीक गोळ्यांनी, थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देऊन दारू उतरवावी लागते. ते आपल्याच जिल्ह्यात होतं, त्याला परदेश लागत नाही.

जुनी नशा परत एकदा केली तर पूर्वीएवढीच चढेल ना?

हा प्रश्न एका मुलाने मला थेट विचारला होता, म्हणून उत्तरही थेट. हेरॉइन, ट्रामाडोल-टॅपेंटाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, यांची शरीराला असलेली सवय उपचारानंतर उतरते. पूर्वीचा रोजचा डोस आता श्वास बंद पाडू शकतो. घसरण झालीच, तर एकट्याने बंद खोलीत राहू नकोस, कुणाला तरी सांग. घरच्यांनी हे लक्षात ठेवा: ओठ निळे, घोरल्यासारखा श्वास, हलवूनही जाग नाही, तर १०८. कुशीवर वळवून ठेवा आणि दवाखान्यात 'गोळ्या घेतल्यात' हे स्पष्ट सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो. इज्जतीपायी लपवलं तर येत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं तर पोलिस येतील का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अंमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्ध्यात सोडला तर ते काढून घेता येतं. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

इथे मराठीत बोलणारं कोण मिळेल? फॉर्म सगळे कन्नडमध्ये असतात.

ही आपली रोजची अडचण. तरी हात बांधून बसू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालते, मराठीचा पर्याय मागून घ्या. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही खास मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात, बऱ्याच ठिकाणी मंगळवारी, पण आधी विचारून निघा. कन्नड फॉर्म भरायला शेजारचे कन्नड भाऊ-अक्का बिनदिक्कत मदत करतात. भाषेचा वाद तिथे आणू नका. आपल्या दोन्ही भाषांची पोरं त्याच बाकावर बसलेली असतात.

पण आठवड्याचं बोलणं मात्र मराठीतच हवं, असा माझा आग्रह आहे. लाज, पश्चात्ताप, बापावरचा राग या गोष्टी मोडक्यातोडक्या भाषेत निघत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून मराठीत हे काम करतंय. निपाणी-चिक्कोडीकडच्या काही घरांना ते सोयीचं पडतं.

वहिनी विचारते: पगार त्याच्या हातात द्यायचा का? विश्वास कधी ठेवायचा?

ताई, विश्वास ठेवायची तारीख नसते. त्याला मोठं काही जाणवलं म्हणून तुमची सात-आठ वर्षं पुसली जात नाहीत. त्याने त्या रात्री माफी मागितली असेल, तुम्ही ती रात्र बघितलेली नाही. राग यायचा हक्क तुम्हाला आहे आणि तुमच्यासाठीही समुपदेशन आहे, त्याच्या सोबतचं नाही, वेगळं. पैशाचं मात्र रोखठोक ठरवा. पहिले सहा महिने एटीएम कार्ड तुमच्याकडे, रोजचा खर्च मोजून, आणि हे त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर कागदावर लिहून. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला 'कामासाठी' जायचं असेल तर सोबत कुणीतरी. तिथे बाटली स्वस्त आहे आणि त्याला ते तोंडपाठ आहे.

यात्रेत, हळदीला लोक आग्रह करतात. काय सांगायचं?

आपल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते. घरटी मटण शिजतं, पाहुण्यांची रांग लागते, मागच्या परड्यात बाटल्या. 'आता बरा झालास की, एवढंसं घे, काय होत नाही' म्हणणारा सख्खा मामाच असतो. पहिल्या वर्षी यात्रेच्या रात्री त्याला दुसऱ्या गावी पाठवा. राहायचंच असेल तर पंगत वाढायचं काम द्या आणि एक जोडीदार सोबत. उत्तर एकच पाठ करून घ्या: 'डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, जमत नाही.' आफ्रिका, इबोगा, दिसलेले आजोबा, हे पंगतीत कुणाला सांगायची गरज नाही.

दारूचं नव्वदचं पाकीट तर किराणा दुकानातही चोरून मिळतं. त्या दुकानदाराला घरातल्या थोरल्या माणसाने जाऊन हात जोडून सांगावं. मी हे दोन गावांत करून बघितलंय, दोन्हीकडे दुकानदाराने ऐकलं.

भिंतीवर जाहिरात असते, 'न कळत दारू सोडवा'. आमटीत गोळी घालू का?

नाही. त्यांतल्या काही पुड्यांत डायसल्फिराम असल्याचं आढळतं. पोटात ते असताना दारू गेली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय आधीच नाजूक असेल तर जीव जातो. डॉक्टर ही गोळी देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या होकाराने. आणि इतक्या कष्टाने तो तुमच्याशी खरं बोलायला लागलाय, त्याच्या ताटात तुम्हीच लपवाछपवी करणार?

तंबाखू, गुटखा?

पहिल्या महिन्यात सगळंच सोडायला लावू नका, पण विषय बंदही करू नका. तीन महिन्यांनी डॉक्टरांशी बोला.

परत प्यायला. सगळे पैसे पाण्यात गेले का?

परवाच एका वडिलांनी हे विचारलं, दोन एकर गहाण टाकलेले. मी त्यांना विचारलं, आधी किती दिवस न पिता राहायचा? म्हणाले, चार. आणि आता? चौऱ्याऐंशी. मग त्या चौऱ्याऐंशी दिवसांत तो कुठे होता, कोण सोबत होतं, आणि पंच्याऐंशीव्या दिवशी काय वेगळं झालं, ते आम्ही तिघांनी बसून लिहून काढलं. त्या दिवशी मुलगा चार तास एकटा होता आणि समुपदेशनाचे दोन आठवडे बुडालेले होते, एवढंच निघालं.

मग तेच औषध परत एकदा देऊन बघू? पार्सलने थोडं थोडं मिळतं म्हणे.

पार्सलने येणाऱ्या पुडीत काय आणि किती आहे, ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ईसीजीशिवाय, एकट्याने, घरच्या माडीवर घेतलेलं इबोगेन म्हणजे हृदयाशी जुगार, आणि पकडलं गेलं तर वर कायद्याचा फेरा. काही जण मग गावच्या धोतऱ्याकडे वळतात. धोतऱ्याच्या बिया विष आहेत, त्यांनी व्यसन सुटत नाही, माणूस भ्रमिष्ट होतो किंवा मरतो. परत औषध हवंसं वाटतं, तेव्हा बहुधा त्या रात्रीनंतरची हलकी सकाळ परत हवी असते. तसं वाटायला लागलं की आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा, मध्यरात्र असली तर १४४१६ ला. पार्सलची ऑर्डर दुसऱ्या दिवशीही देता येते, आणि रात्रभर कुणाशी बोलून झाल्यावर ती दिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.